आर्यन सिनेमाची जागा



हे व्याख्यान ज्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी होतं, त्यांनी एका वाचनालयातली जुनी वर्तमानपत्रं आयुष्यभर रद्दीत जाऊ दिली नाहीत. त्यामुळे विषय निवडायची वेळ आली तेव्हा जिच्यासाठी आता कागदांकडेच जावं लागतं, अशा एका इमारतीबद्दल बोलावं असं मला वाटलं. ती इमारत म्हणजे पुण्याच्या मंडईजवळचं आर्यन सिनेमा थिएटर. तुमच्या तालुक्याच्या गावातलं थिएटर पाडलं गेलं आहे. तुम्हाला मी पुण्याची गोष्ट का सांगतो आहे, असं कुणी विचारील. आपल्याकडच्या बहुतेक गावांत जे घडलं ते आर्यनच्या बाबतीत सगळ्यात आधी आणि सगळ्यात स्पष्टपणे घडलं, म्हणून.

७ फेब्रुवारी १९१५ रोजी गंगाधर नथुजी पाठक यांनी आर्यन सुरू केलं. लोक त्यांना बापूसाहेब पाठक म्हणत. त्याआधी पुण्यात सिनेमा दिसत नव्हता असं नाही. तंबूंचे खेळ होत, नाटकाच्या थिएटरांतही चलच्चित्रं दाखवली जात. पण सिनेमासाठीच उभारलेली, आपल्या माणसाच्या मालकीची कायमची इमारत ही नवी गोष्ट होती. ती उभी राहिली कुठे, तर मंडईच्या शेजारी. ही मंडई म्हणजे १८८६ साली उघडलेलं रे मार्केट. त्याच्यावरच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता आणि पुढे त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं. पहाटे भाजीच्या गाड्या रित्या होणार, दुपारी बाजार थंडावणार, संध्याकाळी हमाल, माळी, तुळशीबागेत खरेदीला आलेली कुटुंबं आणि पेठांमधले विद्यार्थी तिथून जाणार. गर्दी आणावी लागणार नव्हती, ती होतीच. जागेची ही निवड लक्षात ठेवा, कारण आर्यनचा शेवटही जागेशीच येऊन थांबतो.

१९१५ साल कसं होतं ते आठवून पाहा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला, त्याला दोन वर्षंही झाली नव्हती. फाळके मुंबई सोडून नाशिकला आले होते. महायुद्ध सुरू झालं होतं. कच्ची फिल्म परदेशातून येई, ती मिळेना, आणि कर्ज द्यायला कुणी पुढे येईना. भारतीय माणसानं काढलेला चित्रपट हा धंदा म्हणून टिकेल की नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. अशा वेळी एक माणूस फक्त सिनेमासाठी इमारत उभी करतो. चित्रपट काढणाऱ्यांच्या धाडसाबद्दल आपण पुष्कळ लिहिलं, फाळक्यांवर तर चित्रपटही निघाला. इमारत उभी करणाऱ्याच्या धाडसाला मात्र आपल्या इतिहासात एखाद-दुसरी ओळ मिळते. हे मला अन्यायाचं वाटतं आणि आज मुख्यतः तेवढंच सांगायला मी उभा आहे. चित्रपट पाहणाऱ्यांनी खिडकीवर टाकलेले पैसे जर परत निर्मात्याकडे गेले नसते, तर आपला चित्रपट पहिल्या दोन-चार वर्षांतच संपला असता. ते पैसे गोळा करण्याची जागा म्हणजे थिएटर.

आता आर्यनच्या पडद्यावर काय लागलं ते पाहू. ‘राजा हरिश्चंद्र’ची मूळ प्रत नष्ट झाल्यावर फाळक्यांनी तो पुन्हा चित्रित केला. ‘सत्यवादी राजा हरिश्चंद्र’ या नावानं तो एप्रिल १९१७ मध्ये आर्यनला लागला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘लंकादहन’ आला, तोही आधी आर्यनला. ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके या एकाच नटानं राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. मुंबईत या चित्रपटाचे खेळ सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत चालवावे लागले आणि मद्रासला गल्ल्याची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, अशा हकिगती प्रसिद्ध आहेत. फाळक्यांना कर्जातून वर काढलं ते या चित्रपटानं, आणि १९१८ च्या सुरुवातीला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली ती याच यशाच्या बळावर. त्या यशाची सुरुवात मंडईशेजारच्या तिकिटाच्या खिडकीपासून झाली.

इथे थोडं थांबून तो खेळ कसा होत असेल ते डोळ्यांपुढे आणू या, कारण आज ते सहज सुचत नाही. हजार फुटांचं एक रीळ. सेकंदाला सोळा चौकटींच्या गतीनं ते सोळा-सतरा मिनिटं चाले. ही गती ऑपरेटरच्या हाताची. तो प्रोजेक्टरचा दांडा फिरवी. हात थकला की पडद्यावरचा हनुमानही मंदावे. उजेड कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ठिणगीचा. कांड्या जळत जात, त्यांच्यातलं अंतर सतत सारखं करावं लागे. प्रोजेक्टर एकच असला तर रीळ बदलताना अंधार किंवा दिवे, आणि तेवढ्यात प्रेक्षकांचा गलका. पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत. ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यांसाठी मोठ्यानं वाचे. अनेक थिएटरांत पडद्यापाशी तबला-पेटी घेऊन वादक बसत. मूकपटाच्या थिएटरात शांतता नसे, हे आपण विसरलो आहोत.

आणि ती फिल्म नायट्रेटची. नायट्रेट एकदा पेटलं की पाण्यानंही विझत नाही. १८९७ साली पॅरिसमधल्या एका धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्रापासून आग लागली आणि सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. जगभर थिएटरांचे कायदे आले ते या भीतीतून. आपल्याकडे १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आला, त्यात चित्रपटाच्या सेन्सॉरइतकाच विचार जागेच्या परवान्याचा होता. यंत्राची खोली आगीला न जुमानणाऱ्या भिंतींची असावी, बाहेर पडायचे दरवाजे किती आणि कसे असावेत, हे सगळं सरकारनं पाहायचं. स्वातंत्र्यानंतर चित्रपटाचं प्रमाणपत्र केंद्राकडे गेलं आणि थिएटरचा परवाना राज्याकडे राहिला. १९५३ चा मुंबई सिनेमा विनियमन कायदा त्यातलाच. ही कायद्याची माहिती रुक्ष वाटेल, पण तिच्याकडे मला पुन्हा यायचं आहे.

७ फेब्रुवारी १९२०. आर्यन सुरू होऊन बरोबर पाच वर्षं झाली होती. त्या दिवशी तिथे बाबूराव पेंटरांची ‘सैरंध्री’ लागली. कोल्हापूरच्या या माणसाकडे विलायतेहून आणलेला कॅमेरा नव्हता. त्यांनी आणि त्यांचे भाऊ आनंदराव यांनी यंत्राची जुळणी स्वतः करायची असं ठरवलं. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी ते काम पुरं केलं आणि तानीबाई कागलकरांच्या पैशांवर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हे त्या काळात मोठं पाऊल होतं. कथा कीचकवधाची. पुण्याच्या प्रेक्षकाला कीचक म्हटल्यावर महाभारताबरोबर आणखी काय आठवत असेल ते वेगळं सांगायला नको. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ नाटक सरकारनं १९१० साली बंद पाडलं होतं. रंगभूमीवर जो विषय बंद झाला तो दहा वर्षांनी पडद्यावर आला, न बोलता. भीमानं कीचकाचा वध केला तो प्रसंग इतका खरा वाटला की लोक हादरले, आणि पुढे सेन्सॉरनं तो काढायला लावला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवलं. त्याच वर्षी १ ऑगस्टला लोकमान्य गेले. पुण्याच्या राजकीय आयुष्यातला एवढा मोठा माणूस ज्या कोल्हापुरी चित्रपटाचं कौतुक करतो, तो चित्रपट आज कुठेही उरलेला नाही. त्याची एक फूटही फिल्म नाही. आणि तो जिथे दाखवला गेला ती इमारतही नाही.

बापूसाहेब पाठकांचं आणखी एक काम सांगतो, कारण त्यातून थिएटरमालक या माणसाचा पिंड कळतो. १९१९ च्या सुमारास फाळके स्वतःच्याच कंपनीतून भागीदारांशी मतभेद होऊन बाहेर पडले आणि काशीला जाऊन राहिले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहिलं. त्याचं वाचन झालं तेव्हा पाठक तिथे हजर होते आणि त्यांनी हे नाटक पुण्यात करावं अशी विनंती केली. फाळक्यांनी अटी घातल्या: पाच हजार रुपये रोख आणि नाटकाच्या तयारीसाठी पंचाहत्तर हजारांचा खर्च. १९२२ च्या आसपास ते नाटक मुंबईत झालं, आर्यनमध्ये झालं, नाशिकलाही झालं. त्याला यश आलं नाही. हिशेबाच्या दृष्टीनं ही पाठकांची चूक होती, असं कुणीही म्हणेल. मला त्यात दुसरं काही दिसतं. ज्याच्या चित्रपटांनी आपलं थिएटर भरलं, तो माणूस अडचणीत असताना त्याच्या नाटकासाठी दार उघडायला थिएटरवाला गेला. पुढे पडद्याच्या धंद्यात थिएटरमालक, वितरक आणि निर्माता एकमेकांशी भाडं, टक्केवारी आणि मिनिमम गॅरंटीच्या भाषेतच बोलू लागले. त्याआधीच्या पिढीची ही एक खूण आहे.

१९२३ साली करमणूक कर आला. बोलपट १९३१ साली आला, १९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात तिच्या नावाचं थिएटर उघडलं. शहरात नवी थिएटरं झाली, मोठी आणि अधिक सोयींची. आर्यन हे मंडईतल्या माणसाचं थिएटर म्हणून चालत राहिलं. या पुढच्या पन्नास वर्षांचा तपशील इथे सांगत बसत नाही.

पण एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. फाळक्यांनी ‘लंकादहन’ केला तो नाशिकला राहून. त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. देवळातल्या रामाचं दर्शन घेण्यासाठी अस्पृश्य समाजाला पाच वर्षं लढावं लागलं. आणि पडद्यावरचा राम मात्र तिकिटाचे पैसे टाकणाऱ्या कुणालाही दिसत होता. थिएटरच्या आत भेद नव्हता असं मी म्हणणार नाही. दरांचा भेद होता, बायकांची बसण्याची जागा अनेक ठिकाणी वेगळी होती, आणि गावाची नजर तिकीट काढणाऱ्यावरही असेच. तरी पिटातलं बाकडं जन्मावर मिळत नव्हतं, पैशावर मिळत होतं. महाराष्ट्रातल्या गावांत अशी सार्वजनिक जागा त्या काळात फार थोडी होती. रेल्वेचा डबा आणि सिनेमाचं थिएटर. त्यातल्या एका जागेचा इतिहास आपण लिहिला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता शेवटाकडे. आर्यनची जागा नगरपालिकेची होती, पुढे ती महापालिकेची झाली. भाड्याची मुदत संपली, १९८३ साली थिएटर बंद झालं आणि इमारत पाडून तिथे वाहनतळ झाला. आजही लोक मंडईत जाताना ‘आर्यनला गाडी लावतो’ असं म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना त्या नावाचं थिएटर होतं हे माहीत असेल?

१९८३ हे वर्ष पाहा. रंगीत दूरदर्शन आदल्याच वर्षी आशियाई खेळांच्या निमित्तानं आलं होतं. ‘रामायण’ मालिका १९८७ ची. केबल, मल्टिप्लेक्स, मोबाइल हे सगळं अजून पुढेच होतं. म्हणजे थिएटरांच्या मृत्यूची जी कारणं आपण एका दमात सांगतो, त्यातलं एकही आर्यनला पुरतं लागू पडत नाही. आर्यन गेलं ते जागेमुळे. ज्या गर्दीसाठी ते मंडईशेजारी बांधलं गेलं, त्याच गर्दीच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती, आणि शहरानं थिएटरपेक्षा गाड्यांची गरज मोठी मानली.

मला वाटतं, हेच कारण पुढे आपल्या गावांनाही लागू झालं. टीव्हीनं प्रेक्षक कमी केले, हे खरं. व्हिडिओनं केले, तेही खरं. पण प्रेक्षक कमी होऊनही थिएटरं वीस-पंचवीस वर्षं तग धरून राहिली. ‘माहेरची साडी’ १९९१ चा आहे आणि तो चित्रपट पाहायला गावोगावी बायका बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमधून आल्या होत्या. थिएटर पाडायचा निर्णय झाला तो गल्ला किती येतो यावर नाही. मुख्य रस्त्यावरची, एसटी स्टँडजवळची ती अर्धा-एक एकर जमीन दुकानांच्या गाळ्यांना दिली तर किती येतील, या हिशेबावर तो झाला. दिवसाला चार खेळ, सहाशे-आठशे खुर्च्या आणि त्याही बहुधा रिकाम्या. मालकाला मी दोष देत नाही. परवाना सिनेमाचा, म्हणून दुसरं काही करता येत नाही. कर आगाऊ भरायचा. छप्पर गळतं. मुलगा पुण्यात नोकरीला. मुंबईसारख्या शहरांच्या विकास नियमावलीत अशी तरतूद आली की थिएटर पाडून नवं बांधायचं तर जुन्या आसनांच्या किमान एक तृतीयांश आसनांचं सिनेमागृह त्यात ठेवावं. हेतू चांगला होता. परंतु कित्येक मालकांनी नवं बांधण्याऐवजी कुलूप लावणं पसंत केलं, आणि कुलूप लागलेली इमारत पावसाळ्यांनी स्वतःच पाडली.

मधल्या काळात यंत्रणाही बदलली. पूर्वी विदर्भ-खानदेशातल्या थिएटरांचा चित्रपट अमरावती आणि भुसावळच्या वितरकांकडून यायचा. भुसावळ हे रेल्वेचं जंक्शन. पत्र्याच्या पेट्या पार्सलनं निघत आणि सिनेमाची पेटी आली की नाही हे पाहायला थिएटरचा माणूस स्टेशनवर जाऊन उभा राही. मुंबईत चालून, जिल्ह्यात चालून, ओरखडे पडलेली प्रत तालुक्याला काही महिन्यांनी मिळे. २००५ नंतर डिजिटल आलं आणि त्याच शुक्रवारी नवा चित्रपट तालुक्यालाही मिळू लागला. प्रेक्षकांसाठी हे चांगलं झालं, असं मी मानतो. तीन महिने वाट पाहण्यात काही पुण्य नव्हतं. पण ऑपरेटरचं कसब, ज्याला शिकायला उमेदवारीची वर्षं लागत, ते एका बटणावर आलं. जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूच्या टॉकीजचंही तेच झालं. पुसेगावसारख्या जत्रांतला तो शेवटचा काळ ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या २०१६ च्या माहितीपटात टिपला गेला. निदान तंबूंचं तेवढं तरी चित्रण उरलं. पक्क्या थिएटरांचं किती उरलं?

पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे. पी. के. नायर यांनी ते पदरमोड करावी तसं वाढवलं. तिथे ‘राजा हरिश्चंद्र’चं पहिलं आणि शेवटचं रीळ जपलेलं आहे. शाळेतल्या पुस्तकांत, टीव्हीवर, शताब्दीच्या कार्यक्रमांत भारतातला पहिला चित्रपट म्हणून आपण जी दृश्यं पाहतो ती त्यातली. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की ही रिळं १९१३ च्या चित्रपटाची नाहीत, १९१७ च्या पुनर्निर्मितीची आहेत. हे म्हणणं बरोबर असेल, तर आपल्याकडे उरलेला हरिश्चंद्र हा आर्यनला लागलेला हरिश्चंद्र आहे. फिल्म थंड खोलीत, योग्य आर्द्रतेत, अनुक्रमांक देऊन ठेवली आहे, आणि ती जिथे लोकांनी पाहिली ती जागा त्याच शहरात काही किलोमीटरवर वाहनतळ आहे. चित्रपट जपणं आपल्याला कळलं, चित्रपट पाहणं जपायचं असतं हे कळलं नाही.

इमारती सगळ्या वाचवता आल्या असत्या असं मला वाटत नाही. कागद मात्र वाचवता येतात आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहायला नको. म्हणून मघाशी कायद्याचं सांगितलं. प्रत्येक थिएटरचा परवाना होता, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात त्याची फाईल होती. फाईलमध्ये नकाशा असतो: बाल्कनी किती, पिटात किती, दरवाजे कुठे, यंत्राची खोली कुठे. दर खेळाचा हिशेब डीसीआरवर, म्हणजे रोजच्या गल्ल्याच्या तक्त्यावर, लिहिला जात असे, वर्गवार तिकिटं, गल्ला, कर. त्यातून गावानं कुठल्या शुक्रवारी काय पाहिलं आणि किती जणांनी पाहिलं, हे नेमकं कळतं. बरेचसे हिशेब मालकांच्या माळ्यावर पोत्यांत आहेत आणि फायली नाश करण्याच्या यादीत आहेत. ज्यांचे वडील डोअरकीपर होते, ज्यांचे काका बुकिंग क्लार्क होते, ज्यांच्या घरी पोस्टर, तिकिटांची अर्धुकं, रंगवलेल्या काचपट्ट्या आहेत, अशी माणसं या सभागृहात बसलेली असणारच.

व्याख्यानमालेच्या कार्यवाहांशी मी बोललो आहे. या वाचनालयात एक कपाट त्यासाठी मिळणार आहे. सुरुवात ऑपरेटरांपासून करा, कारण कार्बनच्या कांड्यांवर काम केलेली माणसं आता थोडी आहेत आणि वयस्कर आहेत. त्यांच्याकडे रेकॉर्डर घेऊन जा, वही न्या, आणि त्यांना पहिला प्रश्न चित्रपटाचा विचारू नका. यंत्र कुठल्या कंपनीचं होतं, रीळ तुटलं तर कसं जोडायचे, खोलीत उकाडा किती असे, पगार किती होता, हे विचारा. त्यानंतर परवान्याच्या फाईलसाठी माहितीच्या अधिकारात अर्ज करा. अर्जाचा मसुदा मी सोबत आणला आहे, व्याख्यान संपल्यावर तो घेऊन जा.